रेडिओंतील खरखर आणि फेराइटचें कडें

श्रोतेहो, सायंकाळीं मध्यम लहरींवर एखादें दूरचें केंद्र लावावें, गायकानें आलापास आरंभ करावा, आणि तेवढ्यांत भजीं तळल्यासारखी खरखर सुरू होऊन सारा आलाप तींत बुडावा, हा अनुभव आपणांपैकीं पुष्कळांस असेल. अशा वेळीं आपण दोष देतों तो केंद्राला, नाहीं तर शेजाऱ्याला. शेजारच्या घरांतील नव्या दिव्यांवर माझा संशय होता व तो मीं बोलूनही दाखविला होता. मग एके दिवशीं बॅटरीवर चालणारा रेडिओ हातीं घेऊन मीं माझ्याच घराचा मुख्य स्विच बंद केला, तों खरखर नाहींशी झाली! एकेक उपकरण पुन्हां सुरू करतां करतां चोर सांपडला : माझ्याच टेबलाजवळचा मोबाईलचा चार्जर. शेजारच्या वृद्ध गृहस्थांची क्षमा मागावयास गेलों, तेव्हां कळलें कीं, त्यांचाही रेडिओ कित्येक महिने असाच खरखरत होता, व ते बिचारे आपल्या जुन्या संचास दोष देत होते.

असें कां होतें? जुन्या दिव्यांतील तार नुसती तापून प्रकाश देत असे. आजचा चार्जर किंवा एलईडी दिवा मात्र विजेचा प्रवाह सेकंदास हजारों, कधीं लाखों वेळां तोडतो व जोडतो. त्यानें वीज वांचते. परंतु मूळ कंपनांबरोबर त्यांच्या दुप्पट, तिप्पट, दसपट अशीं कंपनेंही उत्पन्न होतात. मध्यम लहरींचा पट्टा सुमारें ५३० ते १६०० किलोहर्ट्झचा. तोडजोड १०० किलोहर्ट्झची असली, तर तिचीं सहापट ते सोळापट कंपनें नेमकीं या पट्ट्यांत पडतात, आणि उपकरणाची वायर एरियल होऊन तीं घरभर पसरविते.

यावर उपाय फेराइटच्या कड्याचा. लोखंडाच्या ऑक्साइडांत इतर धातूंचीं ऑक्साइडें मिसळून भाजलेला हा काळा, ठिसूळ पदार्थ. टोकियोंत योगोरो कातो व ताकेशी ताकेइ यांनीं १९३० सालीं त्याचा चुंबकीय गुण हेरला. कामाची वीज एका तारेनें जाते व दुसरीनें परतते. दोहोंचे चुंबकीय परिणाम परस्परांस नाहींसे करितात, म्हणून कडें तिला अडवीत नाहीं. उपद्रवी प्रवाह मात्र दोन्ही तारांतून एकाच दिशेनें धांवतो. त्याला कडें विरोध करितें व त्याची बरीच शक्ति उष्णतेंत जिरवितें.

मात्र वायर एकदांच ओंवून मध्यम लहरींवर फारसा गुण येत नाहीं. विरोध साधारणपणें वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. तीन वेढ्यांनीं नऊपट. म्हणून मँगनीज-झिंक जातीचें मोठें कडें घेऊन सहासात वेढे द्यावे. अधिक उंच कंपनांसाठीं निकेल-झिंक जात बरी. कडें उपद्रवी उपकरणाच्या अगदीं जवळ असावें. भिंतींतील वायरिंगमधूनही खरखर पसरते. तेव्हां चार्जर एक्स्टेन्शन बोर्डावर लावून त्या बोर्डाच्या वायरीलाही वेढे द्यावे. वेढे देतांना प्लग काढून ठेवावा. वायर कापूं नये, अर्थिंग तर मुळींच तोडूं नये. एवढ्यानेंही खरखर उरली, तर ती उपकरणाच्या पोटांतूनच थेट येत असेल. तें बदलणेंच इष्ट.

आपल्या रेडिओच्या पोटांत दूरचा स्वर गोळा करणारी जी कांडी असते, तीही बहुधा फेराइटचीच. माझ्या चार्जरला कडें बसल्यापासून भिंतीपलीकडून सायंकाळच्या बातम्या पुन्हां ऐकूं येऊं लागल्या आहेत. तेव्हां शेजाऱ्याकडे बोट दाखविण्यापूर्वीं आपला मुख्य स्विच एकदां बंद करून पाहावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतों.