अपस्माराची पूर्वसूचना

(महोत्सवानिमित्त सास्तूर येथे केलेले भाषण)



महोत्सवाच्या दिवशी धर्मगुरूने देवमंदिराच्या भिंती कोणी बांधल्या, घंटा कोणी दिली, हे सांगावे अशी रीत आहे. ते काम माझ्याहून वडील मंडळींनी आज उत्तम प्रकारे केलेच आहे. मी एका आजाराविषयी बोलणार आहे. कारण त्या आजाराने पीडलेला एक मुलगा मिस्सा चालू असता माझ्यादेखत पडला, आणि त्या प्रसंगी मी जे केले त्याची मला आजही लाज वाटते.

रविवार होता. प्रवचन अर्ध्यावर आले होते. इतक्यात पंधरा-सोळा वर्षांचा तो मुलगा बाकावरून धाडकन् खाली कोसळला. प्रथम अंग ताठ झाले, मग हातपाय झटके देऊ लागले, तोंडाला फेस आला. कोणी म्हणाले, चावी द्या. कोणी म्हणाले, कांदा फोडा. कोणी पायातला जोडा हुंगवावयास धावले. सेमिनरीत इतकी वर्षे तत्त्वज्ञान आणि ईश्वरज्ञान शिकलेला हा तुमचा धर्मगुरु खाली उतरला, आणि त्याने काय केले? खिशातील चाव्यांचा जुडगा त्या मुलाच्या मुठीत कोंबला! दोन-तीन मिनिटांत झटके थांबले. ते आपोआपच थांबावयाचे होते. परंतु श्रेय चावीला मिळाले, आणि थोडेसे मलाही. मुलाची आई मान खाली घालून त्याला घेऊन गेली. पुढे कित्येक रविवार ती दोघे मिस्सेला आली नाहीत.

शेवटी मीच त्यांच्या घरी गेलो. मुलाची शाळा सुटली होती. विहिरीवर जाणे बंद, चुलीजवळ बसणे बंद. ती माउली मला म्हणाली, "फादर, फीट यायच्या आदी सांगनारं घड्याळ पुण्याला मिळतंय म्हनं. म्हस इकून आनावं का?"

मला उत्तर देता आले नाही. तेव्हा मी या विषयाची चौकशी केली, जाणत्या डॉक्टरांस विचारले, पुस्तके चाळली. त्यातून जे हाती आले ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

आपल्या मेंदूत अब्जावधी पेशी आहेत, आणि त्या विजेच्या अतिसूक्ष्म संदेशांनी एकमेकींशी बोलतात. त्यांचे हे बोलणे निरनिराळे चालते तोवर ठीक. परंतु त्यांचा मोठा समूह एकदम एकाच तालात उसळू लागला म्हणजे झटका येतो. यालाच आपण फेफरे, मिरगी किंवा आकडी म्हणतो, वैद्यकात अपस्मार म्हणतात. जर्मनीतील येना येथील हान्स बर्गर यांनी १९२४ साली मनुष्याच्या मेंदूतील ही वीज प्रथम कागदावर उतरविली व १९२९ साली आपला शोध प्रसिद्ध केला. डोक्याला तारा लावून जो आलेख काढतात, ज्यास ईईजी म्हणतात, तो हाच. आता प्रश्न असा की, जी उसळी आलेखावर दिसते ती येण्यापूर्वीच ओळखता येईल काय?

हा प्रश्न सास्तूरकरांस नवा नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजण्याच्या सुमारास, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक निजलेले असता ही भूमी हादरली आणि लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसे गेली. आदल्याच वर्षी, १९९२ साली, किल्लारीच्या परिसरात लहान लहान धक्के बसले होते. ते पुढच्या संकटाची वर्दी होते हे मागाहून म्हणता येते. त्या वेळी कोणाला सांगता आले? अपस्माराचेही असेच आहे. कित्येक रुग्णांस झटक्यापूर्वी पोटात कसेसेच होते, विचित्र वास येतो, डोळ्यांपुढे प्रकाश चमकतो. पण तो बहुधा झटक्याचाच आरंभ असतो, आणि हाती वेळ फार थोडा उरतो. विशेष हे की, २०१० साली काही संशोधकांनी भूकंप आणि अपस्माराचे झटके यांचे गणित शेजारी शेजारी मांडून पाहिले, तेव्हा दोहोंत पुष्कळ साम्य आढळले.

तरीही मनुष्याने प्रयत्न सोडलेला नाही. ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथील डॉक्टरांनी पंधरा रुग्णांच्या मेंदूवर तारा बसवून त्यांच्या हाती एक लहानसे यंत्र दिले. धोका मोठा असल्यास तांबडा दिवा, मध्यम असल्यास पांढरा, अल्प असल्यास निळा. या प्रयोगाचा वृत्तान्त २०१३ साली प्रसिद्ध झाला. काहींच्या बाबतीत यंत्राने बऱ्यापैकी वर्दी दिली, काहींच्या बाबतीत दिली नाही. एका स्त्रीला तर त्या यंत्राने इतका धीर दिला की ती एकटी घराबाहेर पडू लागली. परंतु यंत्र करणाऱ्या कंपनीचा पैसा संपला व यंत्रे काढून घेण्याची वेळ आली. ते आपल्याजवळ राहावे म्हणून ती व तिचा नवरा घर गहाण ठेवावयास तयार झाली होती. तरी तिच्या डोक्यातून ते काढावेच लागले. ही हकिगत वाचताना मला म्हैस विकावयास निघालेली आपली माउली आठवली.

मग पुण्याचे घड्याळ कोणते? मनगटावर बांधावयाची अशी उपकरणे आहेत खरी. त्यांपैकी एकास अमेरिकेत २०१८ साली सरकारी मान्यता मिळाली. हाताचे झटके आणि त्वचेतील विजेचे बदल ओळखून ते घरच्यांच्या फोनवर संदेश धाडते. रात्री एकटा निजणाऱ्या रुग्णाला त्याचा मोठाच उपयोग आहे. पण नीट ध्यानात घ्या: ते झटका आला आहे असे सांगते, येणार आहे असे सांगत नाही. दुसरे एक यंत्र, ज्यास तेथे १९९७ साली परवानगी मिळाली, डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली त्वचेत बसवितात. त्याची तार मानेतील व्हेगस नावाच्या मज्जातंतूस गुंडाळलेली असते व ठराविक अंतराने ते विजेचे मंद ठोके देते. झटका येतोसे वाटल्यास रुग्णाने वरून लोहचुंबक फिरवावे, म्हणजे आणखी एक ठोका मिळतो. तिसरे, २०१३ साली मान्य झालेले, कवटीतच बसते आणि उसळी उठू लागताच तिला विजेनेच दाबू पाहते. ही यंत्रे महाग, आणि औषधांनी ज्यांचे झटके आवरत नाहीत अशांसाठी. त्यांनीही रोग समूळ जातोच असे नाही.

त्या मुलाचा प्रकार तसा नव्हताच. डॉक्टरांनी पहिल्याने विचारले, "गोळी चालू आहे ना?" नव्हती! वर्षभर झटका आला नाही, म्हणून घरच्यांनी आपल्या मनानेच ती बंद केली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, योग्य उपचार मिळाल्यास अपस्माराच्या शंभरांपैकी सत्तरांपर्यंत रुग्ण झटक्यांपासून मुक्त राहू शकतात. फिनोबार्बिटालसारखे स्वस्त औषध १९१२ पासून ठाऊक आहे. मुंबईचे डॉ. निर्मल सूर्य व त्यांचे एपिलेप्सी फाउंडेशन यांनी महाराष्ट्राच्या ग्रामीण जिल्ह्यांत शिबिरे भरविली ती याचसाठी. पुण्यात यशोदा वाकणकर यांनी, ज्यांनी हा आजार स्वतः सोसला, रुग्णांचा आधारगट उभा केला.

लपवालपवी मात्र औषधाने जात नाही. तिच्यात आम्ही धर्मगुरूही निर्दोष नाही. आमच्या १९१७ च्या धर्मसंहितेच्या ९८४ व्या कलमात अपस्मार असलेल्यास, वेड्यांच्या व भूतबाधितांच्या पंक्तीत बसवून, गुरुदीक्षेचा मार्ग बंद केला होता. १९८३ च्या संहितेत तो उल्लेख राहिला नाही. देशाच्या कायद्यातही हिंदू विवाह व विशेष विवाह या दोहोंत अपस्मार हा विवाहाच्या आड येत असे. १९९९ साली तो शब्द गाळण्यात आला. संत मार्कच्या शुभवर्तमानात झटके येणाऱ्या मुलाची गोष्ट आहे. तेथे प्रभूने चारचौघांसमक्ष बापाला विचारले की, हे याला केव्हापासून होते? बापाने लाज न धरता सांगितले, लहानपणापासून. आजचा डॉक्टरही हेच विचारतो, आणि आपण मुलीचे लग्न मोडेल या भीतीने त्याच्याशीही खोटे बोलतो.

मी त्या माउलीला म्हैस विकू दिली नाही. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. डॉक्टरांनी लांबलेल्या झटक्यासाठी नाकात मारावयाचा औषधाचा फवारा लिहून दिला. तो घरात राहतो. मुलगा शाळेत जाऊ लागला. विहिरीवर मात्र अजून एकट्याने जावयाचे नाही.

मागील महिन्यात तो पुन्हा मिस्सेतच पडला. या खेपेस कोणी चावी मागितली नाही. दोघांनी बाक सरकविले, एकाने डोक्याखाली घडी केलेले उपरणे ठेवले, मी गळ्याची गुंडी सोडली. तोंडात काही घातले नाही, हातपाय दाबून धरले नाहीत. झटके थांबताच त्याला कुशीवर वळविले. पाच मिनिटांवर गेल्यास दवाखान्यात नेण्यासाठी बाहेर गाडी तयार होती, म्हणून माझी दृष्टी घड्याळावर होती. दोन मिनिटे दहा सेकंद. त्याची आई या वेळी उठून गेली नाही. मुलगा तिच्या मांडीवर डोके ठेवून निजला, आणि मी प्रवचन जेथे सोडले होते तेथून पुढे चालू केले.