अडलेली गाय पुन्हा भरवावी का?

केळव्यात येऊन पानवेलीवर न बोलता हा गाईच्या विण्यावर काय बोलतो, असं मंडळींना वाटत असेल. पण वाडीला शेणखत लागतं, म्हणून दावणीला गाय असते, आणि गाय असली की कधीतरी विचारणं होतंच, “डॉक्टर, मागच्या वेताला अडली होती, आता भरवू की नको?”

अडली कशानं, ते आधी सांगा. “वासरू मोठं होतं” हे ठरलेलं उत्तर. दर वेळी खरं नसतं. नीट येणाऱ्या वासराचे पुढचे दोन पाय आणि त्यांवर टेकलेलं तोंड दिसतं, खुरांचे तळवे जमिनीकडे. तळवे वर असले, तर बहुधा मागचे पाय आधी आलेत. मान कुशीला वळली किंवा गुडघा दुमडला, तर चांगल्या रुंद हाडाची गायसुद्धा अडते. पुढच्या वेताला तसंच होईल असं मुळीच नाही. अशी गाय विकणं हा निव्वळ तोटा.

वासरू खरंच मोठं असेल, तर दोष बहुतेकदा आपला. लहान चणीची पहिलारू कालवड, वजन 250 किलोही नाही, आणि दुधाच्या आशेनं तिला होल्स्टिनचं रेतन! पुढच्या वेळी जर्सी किंवा देशी वळूचं मागा. लिंगनिर्धारित रेतमात्रा मिळाली तर आणखी बरं. मादी वासरू नरापेक्षा सहसा हलकं जन्मतं.

किनाऱ्यावर चारा म्हणजे भाताचा पेंढा. त्यात कॅल्शियम थोडं, आणि ऑक्झलेटमुळे तेही पुरतं अंगी लागत नाही. कॅल्शियम कमी पडलं की कळा मंदावतात, व्याल्यावर गर्भाशयही बाहेर येऊ शकतं. हे दुखणं गव्हाणीतलं आहे. गाभणपणातला खुराक डॉक्टरांना विचारून सुधारा, आणि गाय ठेवा.

दोन प्रकारच्या गाईंना मात्र मी स्पष्ट नको म्हणतो: जुन्या मोडीमुळे कमरेचं हाड अरुंद झालेली, आणि गाभणपणातच अंग बाहेर येणारी. हा दुसरा दोष पुन्हा उद्भवतो, लेकींतही उतरू शकतो. पोट चिरून वासरू काढलेली गाय पुन्हा गाभण राहू शकते; फक्त उलटण्याची तयारी ठेवा.

घाई नको. गर्भाशय पूर्ववत व्हायला 40-45 दिवस लागतात; सुखरूप व्यालेल्या गाईलाही साधारण 60 दिवसांनंतर भरवतात. वार अडकली, हात घालून वासरू ओढलं, तर आणखी थांबा. माजाचा सोट काचेसारखा नितळ हवा. त्यात पांढरे धागे किंवा पू दिसला, तर तो माज सोडा आणि तपासणी करून घ्या. 21 दिवस बुडतील, बुडू द्या.

न भरवलेली गाय आटेपर्यंत दूध देईल, मग शेण. 1976 च्या कायद्यानं राज्यात गोहत्येला बंदी आहे, तेव्हा तिच्या पेंढ्याचा हिशेब आधीच करा. खोड लपवून ती दुसऱ्याच्या गळ्यात मारणं हा धंदा नव्हे, लबाडी आहे.

गाय अडली तर 1962 वर फोन करा. आणि डॉक्टर गोठ्यातून निघण्यापूर्वी अडण्याचं कारण विचारून, तारखेसह कॅलेंडरवर लिहून ठेवा.