पंचाहत्तर तासांची फेरी

पुण्याच्या गणेशखिंडीत, जुन्या गव्हर्नर बंगल्याच्या आवारात, 1949 साली पुणे विद्यापीठ सुरू झालं. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू. 2014 पासून या विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचं नाव आहे. परिसर चारशे एकरांहून मोठा. त्यात मला सगळ्यात प्रिय वाटतो तो एक लंबक.

याच आवारात डॉ. जयंत नारळीकरांनी 1988 मध्ये ‘आयुका’ ही संस्था उभारली, खगोलशास्त्राच्या संशोधनासाठी. तिथे हा फूकोचा लंबक टांगलेला आहे. तो एकाच रेषेत मागेपुढे झुलतो. तासाभरानं पाहा, रेष थोडी सरकलेली दिसेल. पृथ्वी फिरते आहे, याचा हा डोळ्यांदेखतचा पुरावा! ध्रुवावर ही रेष साधारण चोवीस तासांत पूर्ण फेरी मारते, विषुववृत्तावर मुळीच फिरत नाही. पुणे आहे सुमारे साडेअठरा अंश उत्तरेला, म्हणून इथे एका फेरीला जवळपास 75 तास लागतात. मुलांना घेऊन जा आणि घाई करू नका.

आयुकाच्या अंगणात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत. इमारतीची रचना वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांची.

आणि याच विद्यापीठात ललित कला केंद्र आहे. नाटककार सतीश आळेकर अनेक वर्षं त्याचे प्रमुख होते. नाटक, संगीत आणि नृत्य इथे पदवीसाठी शिकता येतं. एकाच आवारात कुणी ताऱ्यांचं गणित मांडतंय, कुणी रियाजाला बसलंय. संध्याकाळी चहाला दोघंही एकाच वडाखालून चालत जातात.