सत्काराच्या यादीत नसलेली मुले

(मंडळाच्या विद्यार्थी गुणगौरव समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



ज्या मुलामुलींचा आज सत्कार झाला त्यांचे मनापासून अभिनंदन. परंतु त्यांच्याविषयी आम्ही फार बोलणार नाही. ज्यांना ८५ आणि ९० टक्के मिळाले ती मुले आपला रस्ता काढतील. आम्हाला बोलायचे आहे ते जी मुले या सभागृहात आलीच नाहीत त्यांच्याविषयी. बारावीला ५५-६० टक्के मिळवून महाविद्यालयात गेलेली, पहिल्याच सत्रात दोन विषयांत अडकलेली, आणि घरी विचारले तर 'एटीकेटी आहे, सुटेल' एवढेच सांगणारी मुले. आपल्या जुन्या कुटुंबांत अशी मुले किती, हे दांडिया बाजारात कोणत्याही जिन्याने वर गेलात तरी कळेल. त्यांचा सत्कार कोणी करीत नाही, आणि त्यांच्या अभ्यासाची चौकशीही कोणी करीत नाही.

बडोद्यात शिक्षणावर भाषण म्हटले की श्रीमंत सयाजीराव महाराजांपासून सुरुवात करायची, अशी आपली रीत आहे. १८९३ साली अमरेली भागात सक्तीचे प्राथमिक शिक्षण, १९०६ साली ते साऱ्या संस्थानात, १८८१ चे बडोदा कॉलेज, १९४९ चे विद्यापीठ, त्याच्या पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता. हे सर्व आपल्याला पाठ आहे. आम्ही त्यातली दोनच उदाहरणे घेतो, कारण आजच्या विषयाशी त्यांचा थेट संबंध आहे.

पहिले उदाहरण कलाभवनाचे. १८९० साली त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने कलाभवन निघाले. रंगकाम, यंत्रकाम, सुतारकाम, शिल्प असे धंद्याचे विषय तेथे शिकवीत. गज्जरांचा आग्रह असा की हे विषय मुलाला त्याच्या भाषेत शिकवायचे, आणि त्या भाषांत पुस्तके नसतील तर ती तयार करून घ्यायची. महाराजांनी त्यासाठी पैसा मंजूर केला आणि गुजराती व मराठीत पुस्तके तयार करण्याचे काम हाती घेतले गेले. म्हणजे रसायन आणि यंत्र हे विषय मातृभाषेत शिकवता येतात की नाही, ही चर्चा आपल्या गावात सव्वाशे वर्षांपूर्वीच पुष्कळ पुढे गेलेली होती.

आता आजची स्थिती पाहा. आपल्या मुलाची घरची भाषा मराठी, शाळेची भाषा बहुतेक ठिकाणी गुजराती, आणि विद्यापीठाची इंग्रजी. आम्ही स्वतः वाणिज्य शाखेचे, म्हणून त्याच विषयाचे उदाहरण देतो. शाळेत हा मुलगा 'उधार-जमा' शिकतो, 'काचुं सरवैयुं', 'पाकुं सरवैयुं' शिकतो, 'घसारो' शिकतो. घरी आजोबा त्याच गोष्टीला नावे-जमा, तेरीज, ताळेबंद, घसारा म्हणत आले. महाविद्यालयात पहिल्या दिवशी फळ्यावर येते डेबिट, क्रेडिट, ट्रायल बॅलन्स, डेप्रिसिएशन. वस्तू एकच, नावे तीन. या तिन्ही नावांची सांगड कोणी एकदा घालून दिली तर मुलाच्या लक्षात येईल की यातले निम्मे आपल्याला येतेच. पण ती सांगड घालणे हे कोणाचेच काम नाही. मोठ्या वर्गात प्राध्यापक तरी काय करणार? मुलगा समजतो की आपल्याला हा विषयच झेपत नाही, आणि गाइड आणून उत्तरे पाठ करू लागतो. जमाखर्च पाठ करून येत नसतो. आकडा बदलला की पाठांतर संपले.

यात एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नाही. एप्रिल २०२३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांना कळविले की अभ्यासक्रम इंग्रजीतून असला तरी विद्यार्थ्याला स्थानिक भाषेत उत्तरपत्रिका लिहिण्याची मुभा द्यावी. याचा आपण पाठपुरावा करायला हवा. आता येथे स्थानिक भाषा म्हणजे गुजराती. मराठी मंडळाने गुजरातीची मागणी करायची, हे काही सभासदांना खटकेल. आमचे मत स्पष्ट आहे. मराठी उत्तरपत्रिका तपासणारे परीक्षक प्रत्येक विषयाला मिळणे आज कठीण आहे. आपली मुले गुजरातीत शिकलेली आहेत आणि त्या भाषेत ती उत्तम लिहितात. मागणी अशी करावी जिचा फायदा मुलाला याच सत्रात होईल. मराठीसाठी आपण घरात आणि मंडळात जे करायचे ते करूच. त्याचे ओझे मुलाच्या परीक्षेवर टाकू नये.

दुसरा मुद्दा शिकवण्याच्या आणि शिकण्याच्या पद्धतीचा. आम्ही शिक्षणतज्ज्ञ नाही, बँकेत खिडकीमागे बसून व्हाउचर तपासणारे आहोत. पण वाचनात आलेल्या दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. २००६ साली रोडिगर आणि कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत विद्यार्थ्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. काहींनी एकच उतारा पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी एकदा वाचून, मग पुस्तक मिटून, आठवेल तेवढे कागदावर लिहिले. पाच मिनिटांनी विचारले तर वारंवार वाचणारे किंचित पुढे होते. आठवड्याने विचारले तर पुस्तक मिटून लिहिणारे स्पष्टपणे पुढे निघाले. आपली मुले परीक्षेच्या आदल्या रात्री काय करतात? वाचतात, पुन्हा वाचतात, पिवळ्या पेनाने रंगवतात. वाचताना सगळे ओळखीचे वाटते आणि पेपरात हात चालत नाही. जुने गुरुजी पाटीवर लिहून घेत आणि पाटी पुसून पुन्हा लिहून घेत, त्याला आपण घोकंपट्टी म्हणून हसलो. त्यातली घोकंपट्टी सोडून द्या, पण पाटी पुसण्यात शहाणपण होते.

दुसरी गोष्ट त्याहून आपल्या उपयोगाची. मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी येथील शाखेत १९७३ साली डिॲना मार्टिन या बाईंनी एक पद्धत सुरू केली. पुढे ती अनेक देशांत गेली. पद्धत साधी आहे. ज्या विषयात दरवर्षी पुष्कळ मुले नापास होतात किंवा तो विषय सोडून देतात, असे विषय आधी निवडायचे. मागच्या वर्षी त्याच विषयात चांगले गुण मिळवलेला विद्यार्थी नेमायचा. तो पुन्हा त्याच वर्गात बसतो, आणि आठवड्यातून ठरलेल्या वेळी मुलांना जमवून त्यांच्याकडूनच उदाहरणे सोडवून घेतो. तो व्याख्यान देत नाही, उत्तर सांगत नाही. 'तू ही रक्कम नावे का टाकलीस?' असे विचारतो. यातली खरी खुबी निवडीत आहे. त्यांनी 'कच्चे विद्यार्थी' निवडले नाहीत, 'कठीण विषय' निवडले. कच्च्या मुलांचा वर्ग म्हटला की लाजेने कोणी येत नाही. कठीण विषयाचा वर्ग म्हटला की हुशारही येतो आणि त्याच्या शेजारी दुसराही बसतो.

हे आपण मंडळात करू शकतो. वरच्या मजल्यावरची खोली संध्याकाळी रिकामी असते. आज ज्यांचा सत्कार झाला त्यांच्यापैकी वरच्या वर्गात असलेले चार-पाच जण यासाठी तयार झाले, तर पहिल्या सत्रासाठी तीन विषय घेता येतील: जमाखर्च, संख्याशास्त्र आणि अर्थशास्त्र. त्यांना फुकट राबवू नये, महिन्याला ठरावीक मानधन द्यावे. सत्कारात देतो त्या बॅगा आणि घड्याळांच्या खर्चातून ते सहज निघेल. यावर कोणी नाराज होणार असेल तर आत्ताच व्हावे, म्हणजे वार्षिक सभेत वेळ वाचेल.

आता पैशाकडे येतो. हा आमच्या रोजच्या कामाचा विषय. शैक्षणिक कर्ज म्हणजे काय, हे घेणाऱ्या दहांपैकी आठांना सही करताना माहीत नसते. बँकांच्या आदर्श योजनेनुसार ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही, आईवडील सहकर्जदार होतात. केंद्राच्या हमी निधीमुळे साडेसात लाखांपर्यंतही तारण नको, अशी सोय २०१५ पासून आहे. अभ्यासक्रम संपल्यावर साधारण एक वर्षाने हप्ते सुरू होतात, आणि फेडीला १५ वर्षांपर्यंत मुदत मिळू शकते. येथपर्यंत सर्वांना आवडते. पण शिकत असताना हप्ता नाही याचा अर्थ व्याज नाही असा नव्हे. हिशेबाला सोपे म्हणून दहा टक्के धरू. चार वर्षे दरवर्षी एक लाख उचलले. हप्ता सुरू होण्याच्या दिवशी पहिल्या लाखावर पाच वर्षांचे सरळव्याज ५० हजार, दुसऱ्यावर ४०, तिसऱ्यावर ३०, चौथ्यावर २०. म्हणजे घेतले ४ लाख आणि फेडायला उभे राहिले ५ लाख ४० हजार. तेच व्याज शिकताना भरत गेले तर पहिल्या वर्षी महिन्याला साधारण ८३५ रुपये पडतात, चौथ्या वर्षी त्याच्या चौपट. शिवाय असे भरणाऱ्याला व्याजात एक टक्का सवलत देण्याची तरतूद आदर्श योजनेत आहे. आपल्या बँकेला ती विचारा. ज्या घरात ट्यूशनला महिन्याला दोन हजार जातात त्या घराला पहिल्या वर्षाचे ८३५ जड नाहीत. कोणी सांगितलेले नसते, एवढेच.

व्याजमाफीच्या योजनांतही बारीक अक्षरे असतात. वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर २००९ पासूनच्या केंद्रीय योजनेत शिकत असतानाचे व्याज सरकार भरते, परंतु ते तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांना, साध्या बी.कॉम.ला नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम-विद्यालक्ष्मी योजना ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत देते, पण ती निवडक दर्जेदार संस्थांसाठी आहे. सुरुवातीच्या यादीत अशा ८६० संस्था होत्या. प्रवेश घेण्याआधी संस्था यादीत आहे का ते पाहावे, प्रवेश घेतल्यावर पाहून उपयोग नाही. आणि गुजरात सरकारची मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजना २०१५ पासून आहे. उत्पन्न ६ लाखांपर्यंत आणि बारावीत ८० पर्सेंटाइल, अशी अट. आपल्याकडे पर्सेंटाइल आणि टक्के यांत गफलत होते. ८० पर्सेंटाइल म्हणजे ८० टक्के गुण नव्हेत. ८० टक्के नाहीत म्हणून अर्जच केला नाही, असे म्हणणारे पालक आम्हाला भेटलेले आहेत.

अर्धवट शिक्षण सोडणाऱ्यांविषयीही सांगितले पाहिजे. नव्या धोरणाप्रमाणे पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी घेऊन बाहेर पडता येते. पण आयोगाच्या आराखड्यात ते प्रमाणपत्र आपोआप मिळत नाही. ४० क्रेडिट पूर्ण हवेत, वर उन्हाळ्यात ४ क्रेडिटचा व्यवसाय अभ्यासक्रम हवा. आणि परत यायचे तर तीन वर्षांच्या आत यावे लागते. दोन विषय राहिलेल्या मुलाला हे दार उघडे नाही. तो नुसता बाहेर पडतो, आणि कर्ज असेल तर ते आईवडिलांच्या नावावरही असते. म्हणून पहिले सत्र महत्त्वाचे.

हे सर्व विद्यापीठाला सांगायचे कोणी? पूर्वी नोंदणीकृत पदवीधर सेनेटवर आपले प्रतिनिधी निवडून देत. त्या निवडणुकांत पॅनेलांचे राजकारण होते, जेवणावळी होत्या, हे आम्ही नाकारीत नाही. पण प्रश्न विचारायला एक जागा होती. २०२३ च्या गुजरात सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने अकरा विद्यापीठांतील सेनेट आणि सिंडिकेट गेल्या, त्यांच्या जागी व्यवस्थापन मंडळ आले. त्याच्या पुढच्याच वर्षी, २०२४ मध्ये, वाणिज्य शाखेच्या प्रवेशांवरून शहरातील विद्यार्थी आणि पालक रस्त्यावर उतरले आणि मग जागा वाढल्या. सभागृहात विचारता आला असता तो प्रश्न रस्त्यावर विचारावा लागला. म्हणून आपल्या मंडळाने गुजराती, सिंधी, आणि इतर समाजांच्या संस्थांबरोबर एक निवेदन करावे, असे आम्ही सुचवितो. मागण्या तीनच: स्थानिक भाषेत उत्तरपत्रिका, पहिल्या सत्राचा विषयवार निकाल जाहीर करणे, आणि प्रत्येक विद्याशाखेत कर्ज व शिष्यवृत्तीची माहिती देणारी एक खिडकी.

सयाजीराव महाराजांचे दुसरे उदाहरण राहिले. १९१३ साली महाराजांनी भीमराव आंबेडकर यांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. हे आपण अभिमानाने सांगतो. १९१७ साली करारानुसार नोकरीसाठी ते बडोद्यात आले तेव्हा या शहरात त्यांना राहायला खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून त्यांना बाहेर काढले गेले आणि ते परत गेले. हा अर्धा भाग आपण भाषणात गाळतो. राजाने पैसे दिले होते, खोली शहराने द्यायची होती.

आज बाहेरगावची मुले खोली शोधत फिरतात. आपल्या वाड्यांत, मुले पुण्याला आणि परदेशी गेल्याने, खोल्या बंद आहेत. भाडे परवडणारे ठेवा आणि आडनावावरून जात काढू नका, एवढीच विनंती. अशा खोल्यांची नोंदवही आम्ही मंडळाच्या कार्यालयात ठेवली आहे. शिकवण्यास तयार असलेल्या विद्यार्थ्यांनीही आपली नावे त्याच वहीत, मागच्या पानापासून, लिहावीत. कर्जाची कागदपत्रे घेऊन यायचे असेल तर रविवारी सकाळी दहा ते बारा आम्ही तेथे बसतो. येताना उत्पन्नाचा दाखला, बारावीची गुणपत्रिका आणि प्रवेशपत्र यांच्या मूळ प्रती आणाव्यात. झेरॉक्स खाली मिळते.