सांडपाण्याची वाट मोकळी राहो
(ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांच्या मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



गावचे गटार तुंबले की सर्वांची बोटे ग्रामपंचायतीकडे वळतात. परंतु गटारातील गाळ उपसून पाहिला, तर त्यात चहाचा चोथा, भाताची शिते, केसांचे गुंते, भांडी घासल्याची राख आणि शांपूच्या रिकाम्या पुड्या आढळतात. या वस्तू बहुतांशी घराच्या मोरीतूनच आलेल्या असतात. गटार रस्त्यावर तुंबत असले, तरी त्याची सुरुवात घरात होते.

खरकट्याबरोबर वाहून गेलेले तेल नळीत थंड होऊन थिजते. त्यास राख व केस चिकटतात आणि नळीची वाट दिवसेंदिवस अरुंद होते. कढत पाणी ओतल्याने हा थर वितळतो खरा. पण थोडे पुढे जाऊन पुन्हा थिजतो. यास्तव तेलकट भांडी धुण्यापूर्वी कागदाने वा राखेने पुसून ती पुसणी उकिरड्यात टाकावी. मोरीच्या तोंडाशी बारीक जाळी बसवावी. नळी गटारास मिळण्यापूर्वी एक लहान चौकोनी हौद बांधावा. त्याच्या तळाशी बसलेला गाळ दर आठवड्यास काढता येतो. चार इंची नळीस सुमारे चाळीस फुटांमागे एक फूट उतार असावा.

हा आठवड्याचा नेम निरर्थक नाही. घाण, साचलेल्या पाण्यात क्युलेक्स जातीचे डास वाढतात. उन्हाळ्यापावसाळ्याच्या उबदार हवेत अंड्यापासून डास होण्यास साधारणतः आठ-दहा दिवस पुरतात. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा यांसारख्या विदर्भातील जिल्ह्यांना परिचित असलेला हत्तीरोग याच डासांमार्फत पसरतो. शिवाय पाणी उताराकडे धावते. वरच्या आळीतील निष्काळजीपणाची झळ खालच्या आळीस सोसावी लागते. त्या दारातील डबक्याचा दोष त्या घराचा नसतो.

जेथे गटार नाही, तेथे शोषखड्डा उपयुक्त ठरतो. मात्र तो विहिरीपासून किमान पन्नास फूट दूर असावा आणि गाळ आधी हौदात अडवावा. अन्यथा खड्डाच तुंबतो. काळ्या चिकण जमिनीत पाणी नीट मुरत नाही. तेथे ते परसातील केळी व अळू यांना देणे श्रेयस्कर.

तुंबलेली नळी मोकळी करण्यासाठी आम्ल व ब्लीचिंग पावडर एकत्र ओतू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो. तसेच भूमिगत गटारात वा मैलाटाकीत संरक्षक साधनांविना माणसास उतरविणे हा 2013 च्या कायद्यान्वये अपराध आहे, याचा विसर कोणत्याही पंचायतीस पडू नये.

गाडगेबाबांनी हाती खराटा घेऊन गावे झाडली. त्यांच्या नावाने राज्यात 2000 साली ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. त्या कार्याचा वारसा चालवावयाचा, तर पंचायतीने गटारांचा उतार तपासावा, शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून घरोघरच्या मोरीची पाहणी करवावी आणि प्रत्येक कुटुंबाने आपला गाळ आपल्याच दारात अडवावा. मग पावसाळ्यात खालच्या आळीस रात्र जागून काढावी लागणार नाही.