उसाचे इंधन आणि ज्वारीची भाकरी
(वार्षिक संमेलनातील भाषण)



शेतातील पीकच मोटारीचे इंधन व्हावे, ही गोष्ट आमच्या पिढीस नवीन आहे. आपल्या जिल्ह्यात मात्र ती दाराशी येऊन ठेपली आहे, म्हणून आज हाच विषय घेतला.

विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेच्या पाटावर १९५०-५१ च्या हंगामात सहकारी साखर कारखाना सुरू झाला. उसाच्या पैशावर कितीतरी घरांतील मुले शिकली, हे आम्ही शिक्षक या नात्याने पाहिले आहे. तेव्हा उसाची निंदा करावयास आम्ही उभे नाही. साखर काढून उरलेल्या मळीचे आसवनीत इथेनॉल होई, तोवर तक्रारीस फारशी जागा नव्हती. पुढे मात्र उसाचा रसच थेट आसवनीत जाऊ लागला. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याची मुदत केंद्र सरकारने २०३० वरून अलीकडे आणली आणि २०२५ मध्ये ते प्रमाण गाठलेही. परदेशी तेलाचा खर्च वाचतो, कारखान्यास पैसा लवकर मिळतो, हा लाभ नाकारता येत नाही.

परंतु नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार उसापासून एक लिटर इथेनॉल करण्यास सुमारे २८६० लिटर पाणी लागते. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावांस हा आकडा समजावून सांगणे नलगे! ऊस बारा ते अठरा महिने जमीन अडवितो. रब्बीची ज्वारी जमिनीतील ओलीवर येते, माणसास भाकरी देते आणि गुरांस कडबा. इथेनॉलवर मोटार धावेल. गाईपुढे काय टाकावयाचे? शिवाय सतत पाणी दिलेली काळी जमीन चोपण होते, हे पाटाकाठच्या मंडळींस ठाऊकच आहे.

२०२३ साली पाऊस ओढला. साखर कमी पडेल या धास्तीने सरकारने त्या डिसेंबरात रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले आणि २०२४ च्या ऑगस्टात ते उठविले. ताट आणि टाकी यांची ओढाताण आहे, याची याहून स्पष्ट कबुली कोणती हवी? मक्याचे इथेनॉल वाढले, तेव्हा कोंबड्यांच्या खाद्यासाठी मका बाहेरून आणावा लागला.

आपल्यापैकी अनेकजण कारखान्यांचे सभासद आहेत. येत्या वार्षिक सभेत मळी किती व रस किती आसवनीत गेला, हे त्यांनी उठून विचारावे. ज्यांच्या विहिरी मार्चातच तळ गाठतात, त्यांनी नवी लागण करण्यापूर्वी एका तरी वावरात ज्वारी राखावी, अशी आमची विनंती आहे.