शस्त्राची निगा हीच शस्त्राची पूजा



खंडेनवमीला घरातील शस्त्रे पाटावर मांडून त्यांचे पूजन करण्याची प्रथा महाराष्ट्रात पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. ज्या घरी वाडवडिलांपासून रीतसर परवान्यावर आलेले जुने रिव्हॉल्व्हर आहे, तेथे तेही त्या पाटावर असते. हळद-कुंकू वाहिले जाते, ओले फूल ठेवले जाते आणि सायंकाळी शस्त्र पुन्हा कातडी म्यानात जाते, ते थेट पुढच्या नवमीपर्यंत. वर्षाने म्यान उघडावे तर फुलाच्या जागी गंजाचा डाग दिसतो. पूजा झाली, पण निगा राहिली नाही. ही निगा कशी राखावी आणि ती कोठे थांबवावी, हाच आजच्या विवेचनाचा विषय आहे.

पहिला नियम रिकामे करण्याचा. बर्मिंगहॅमच्या वेब्ली कंपनीची बरीच जुनी रिव्हॉल्व्हरे आणि कानपूरच्या आयुधनिर्माणीतील .32 बोअरची बरीच रिव्हॉल्व्हरे मध्ये मोडून उघडणारी आहेत. खटका दाबून नळी खाली झुकवली की काडतुसे वर उचलली जातात. तथापि एखादे काडतूस पुन्हा आत घसरू शकते. म्हणून नळीचे तोंड सुरक्षित दिशेला ठेवून सिलिंडरचे प्रत्येक घर डोळ्यांनी पाहावे, बोटाने चाचपावे. काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत आणि मगच फडके हाती घ्यावे. हा नियम पूजेच्या दिवशीही तितकाच लागू आहे.

स्वच्छतेचे साहित्य साधे आहे : पितळी अथवा नायलॉनचा ब्रश, सुती चिंध्या, बंदुकीचे द्रावण आणि पातळ तेल. नळी व सर्व घरे साफ करून कोरडी करावीत आणि तेलाचा केवळ हलका हात फिरवावा. तेल जास्त म्हणजे निगा जास्त, हा समज चुकीचा आहे. साचलेले तेल कालांतराने चिकट होऊन यंत्रणा जड करते, तर काडतुसाच्या टोपीत झिरपलेले तेल तिला निकामी करते. फार जुन्या काडतुसांच्या टोपीतील रसायनामुळे नळीत क्षार उरतो. हा क्षार ओलावा खेचतो व तेलात विरघळत नाही. अशा वेळी नळी आधी पाण्याने धुऊन, पूर्ण कोरडी करून मग तेल लावावे. कातडी म्यान दमटपणा धरून ठेवते. कोकणातील पावसाळ्यात तर ते गंजाचे घरच ठरते. निवडणुकीच्या काळात पोलीस ठाण्यात जमा केलेले शस्त्र परत आल्यावरही प्रथम अशीच तपासणी करावी.

आता दोषांकडे वळावे. सिलिंडर अडखळत असेल, तर बहुधा काडतुसे ढकलणाऱ्या चांदणीसारख्या भागाखाली जळक्या दारूचा कण अडकलेला असतो. तो काढणे हे घरचे काम होय. परंतु रिकाम्या शस्त्राचा घोडा हळूहळू मागे ओढला असता, तो पूर्ण मागे जाऊनही सिलिंडर जागेवर पक्के बसत नसेल, अथवा नळीचा सांधा हलत असेल, तर ती झीज होय. अशा शस्त्रातून गोळी झाडणे म्हणजे अपघाताला निमंत्रण देणे. चाप ओढूनही बार न उडाल्यास नळी किमान अर्धा मिनिट सुरक्षित दिशेलाच धरावी, कारण बार उशिराही उडू शकतो. आवाज क्षीण आला, तर गोळी नळीत अडकलेली असू शकते. तेथेच थांबावे. दुसरी गोळी झाडल्यास नळी फुटू शकते. शिवाय अनेक जुन्या रचनांत शस्त्र खाली पडले असता घोड्यावरचा आघात रोखणारा अडसर नसतो. म्हणून घोड्याखालचे घर रिकामे ठेवण्याची जुनी शिस्त आजही योग्य आहे.

झीज दिसली की घरचे काम संपले. स्प्रिंग ताणणे, घोड्याचे दात कानशीने घासणे, बेमाप पेचकसाने स्क्रू उघडणे हे उद्योग धारकाने करू नयेत. एका दाताची चुकीची घासणी घोड्याला केव्हाही सुटू देते. 1959 च्या शस्त्र अधिनियमाचे पाचवे कलम शस्त्रदुरुस्तीचा व्यवसाय परवान्याखाली आणते, त्यामागे हाच विवेक आहे. शस्त्र परवानाधारक कारागिराकडेच न्यावे आणि सोबत स्वतःचा परवाना न्यावा. गावातील लोहाराचा हात कितीही कसबी असला, तरी हे काम त्याचे नव्हे.

पूजेनंतर हळद-कुंकू पुसावे, शस्त्र कोरडे करावे, तेलाचा हात द्यावा, कुलूपबंद कपाटात ठेवावे आणि काडतुसे वेगळ्या कुलपात. किल्ली मुलांच्या हाती लागता कामा नये. ज्या घरात शस्त्र आहे, तेथे प्रथम शिस्त हवी. तिच्याविना पाटावरचे शस्त्र घराचे रक्षण करीत नाही, घरालाच धोका होऊन बसते.